मेणाची बाटली

बोरगावकर मास्तरांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेरचं काही दिसत नसे. खिडकी होती, तावदानं होती, बाहेर शाळेचं पटांगण होतं आणि पटांगणात चिंचेचं झाड होतं. पण काचा अशा धुरकट झाल्या होत्या की तिथं झाड आहे की हत्ती उभा आहे ते कळू नये. मी शाळेत नवीन होतो, आणि ड्रॉइंग मास्तराला उजेडाचं वेड असतं. शिपाई आळशी असणार असं धरून मी ओलं फडकं घेतलं आणि एक काच घासायला लागलो. पाच मिनिटं घासली तरी जशीच्या तशी. बोटानं चाचपली तर सहाणेसारखी खरखरीत लागली.

"चित्रकार, हात दुखवून घेऊ नगासा," मागून आवाज आला. "घाण काचंवर न्हाय. काचच खाल्लीया."

दारात एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट दातांवरून फिरत असलेलं. मशेरी चालली होती. शाळेत, सकाळी दहा वाजता, सायन्सचे मास्तर! कुणी खाल्ली म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी तेच काळं बोट कोपऱ्यातल्या कपाटाकडे केलं आणि खिडकी उघडून बाहेर चूळ टाकली. खिडकी निदान उघडत होती, एवढंच तिचं नशीब.

ही आमची पहिली भेट. महायुद्ध सुरू होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. मी बेळगावचाच. ते निपाणीजवळच्या बोरगावचे. घर, आई, बायको, चार तुकडे जमीन सगळं तिकडं, आणि हे इथं बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या वाटेवर एक खोली भाड्यानं घेऊन राहिलेले. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, बाहेर निपाणीची, सिद्राप्पा शिपायाशी कानडी. दर महिन्याला बोरगावहून वहिनींच्या हातची मशेरी यायची. घरच्याच तंबाखूची, तव्यावर काळी करून वाटलेली, पत्र्याच्या चपट्या डबीत भरलेली. मशेरी संपली की मास्तर डबी घासूनपुसून शाळेत आणायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत मीठ, गंधक, तुरटी, मोरचूद, जे म्हणाल ते मशेरीच्या डबीत. वर चिठ्ठी चिकटवलेली. सरकारी तपासनीस एकदा आले नि नाक मुरडून म्हणाले, ही प्रयोगशाळा की पानपट्टीचं दुकान? मास्तर म्हणाले, "साहेब, बाटल्या मागवल्यात. त्या येईपर्यंत विज्ञान थांबत नाही." बाटल्या काही आल्या नाहीत.

कोपऱ्यातल्या कपाटात मात्र एक बाटली होती. मेणाची. जाड, पिवळट, बुटकी, वाळूनं भरलेल्या डब्यात मानेपर्यंत रोवलेली. तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. ते काच खातं. जे काच खातं ते काचेच्या बाटलीत ठेवणार कसं, म्हणून बाटली मेणाची. झाकण काढलं की जो धूर निघायचा त्यानंच खिडकीची ती दशा केली होती. मास्तरांच्या चष्म्याचीही. कडेनं धुकं चढत चढत वर्षागणिक आत सरकत होतं, आणि ते मान तिरकी करून मधल्या रुपयाएवढ्या स्वच्छ जागेतून जगाकडे बघायचे. चष्मा बदला म्हटलं तर म्हणायचे, "बदलला तर त्योबी खाईल. ह्योच पुरा होऊ दे की."

मॅट्रिकच्या वर्गाला वर्षातून एकदा ती बाटली दाखवायची असा त्यांचा नेम होता. काचेच्या तुकड्यावर मेण लावायचं, सुईनं त्यावर नाव कोरायचं, वर ॲसिडचा थेंब, आणि मेण खरवडलं की नाव काचेत कायमचं. पोरं खूश. मग कुणीतरी विचारायचंच, "सर, हाताला लागलं तर?"

मास्तर बाटली पुन्हा वाळूत रोवायचे आणि मगच उत्तर द्यायचे. "गंधकाचं ॲसिड लागलं तर तू लगेच बोंबलशील. हे लागलं तर तुला काही कळणार नाही. पाण्यासारखं वाटेल. ते कातडीवर थांबत नाही, आत हाडाकडे जातं. सहा-आठ तासांनी तुला कळेल, तेव्हा उशीर झालेला असेल."

मी एकदा मागच्या बाकावर बसून हे ऐकलं आणि तास संपल्यावर त्या कपाटाला वळसा घालून बाहेर पडलो.

यातूनच त्यांची एक म्हण तयार झाली होती. सिद्राप्पाची दाढ दुखली, मुख्याध्यापक कुणावर खेकसले, पेपरात लढाईची वाईट बातमी आली, कशालाही ते एकच वाक्य लावायचे. "दुखतंय तवर बरं हाय. दुखायचं थांबलं की भ्यावं." आम्ही शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या नकला करत असू. त्यांची नक्कल करण्यात मी सगळ्यांत पुढं होतो, हेही सांगून टाकतो.

शहापुरातला एक विणकर, महादेव, त्यांच्याकडे यायचा. साड्यांच्या सुताचा रंग धुण्यात उतरतो, का ते बघा म्हणून. मास्तर त्याच्या रंगांच्या पुड्या तपासून द्यायचे, त्याची आई गंगाक्का बदल्यात भाकरी-चटणी पाठवायची. एके दिवशी महादेव फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आला. धाकट्यासाठी दुसरा माग बसवायचा होता. आमच्याकडचा माग जमिनीत असतो, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. तो खड्डा खणताना कमरेइतक्या खोलीवर खापरं लागली, आणि खापरांत एका वाडग्याचे तीन तुकडे. काचेचे. समुद्राच्या पाण्यासारखा निळा-हिरवा रंग, बाहेरून उभ्या जाड शिरा, आणि उजेडाला धरलं की आत बारीक बुडबुडे.

"आक्का म्हनती बांगडीवाल्याचं काय तरी आसंल," महादेव म्हणाला.

मास्तरांनी तुकडा चष्म्याच्या त्या स्वच्छ जागेसमोर धरला आणि कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "चित्रकार, ह्याचं चित्र काढा. शिरा मोजून काढा. मी ह्याला खाणार हाय."

त्यांनी मला समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. काच म्हणजे वितळलेली वाळू. वाळू एकटी सहजी वितळत नाही, तिला खार घालावा लागतो. दोन हजार वर्षांमागं रोमन बादशहांच्या अमलात असली शिरांची वाडगी होत. ती गलबतांतून आपल्या किनाऱ्याला येत, घाट चढत. त्यांच्या काचेत मिसरातल्या सुकलेल्या तळ्याचा खार असे. त्यात सोडा भरपूर, पोटॅश जवळजवळ नाहीच. पण काच जर आपल्याकडची, झाडपाल्याची राख घालून केलेली असेल, तर पोटॅश सापडायलाच पाहिजे. म्हणजे सगळा निवाडा पोटॅशवर. काचेचं पीठ मेणाच्या बाटलीतल्या ॲसिडात विरघळवायचं, ॲसिड आटवून उरेल ते पाण्यात घेऊन नळीत ओतायचं आणि त्यात नारिंगी औषधाचे थेंब टाकायचे. पोटॅश असेल तर तळाशी पिवळा गाळ बसेल. तो गाळ धुवून, वाळवून, तोलायचा.

"म्हणजे न फोडता कळणार नाही?" मी विचारलं. चित्र काढता काढता मला तुकड्याची माया लागली होती.

"काच बोलती, चित्रकार. पर खाल्ल्याबिगर बोलत न्हाय."

तीन तुकड्यांपैकी मोठा रावसाहेबांकडे गेला. रावसाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, गावातले बडे वकील आणि इतिहासाचे षौकीन. त्यांच्या दिवाणखान्यात जुनी नाणी नि तलवारी ठेवलेलं काचेचं कपाट होतं. मधल्या तुकड्याचं मास्तरांनी खलात कुटून पीठ केलं. सगळ्यांत धाकटा, अंगठ्याएवढा, गंगाक्कानं ठेवून घेतला. घरात निघालेलं सगळंच्या सगळं बाहेर देऊ नये म्हणाली, आणि देव्हाऱ्यात ठेवला.

दोन महिने मास्तर शाळा सुटल्यावर त्या खोलीत असायचे. बाहेर वेळ वाईट चालली होती. मॅट्रिकची दोन पोरं घोषणा दिल्या म्हणून हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आली होती, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पोलीस. देशी या शब्दाला धार आली होती. अशा दिवसांत मास्तर एका संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत आले आणि नळी उंच धरून दाखवली. तळाशी बोटाच्या पेराएवढा पिवळाधमक गाळ.

"दोनदा केलं. दोन्ही वेळा तेवढंच आलं. काच हितली हाय."

मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. पुढचं सगळं रावसाहेबांनी हाती घेतलं. सभा झाली, शाल-नारळ झालं, रावसाहेब तासभर बोलले. ज्या काचेसाठी आपण परक्यांच्या तोंडाकडे बघतो ती आपल्या पूर्वजांनी याच मातीत, याच राखेनं ओतली, असं म्हणाले तेव्हा टाळ्या थांबेनात. एक पुस्तिका काढायचं ठरलं. माझं चित्र, मास्तरांचा अहवाल, रावसाहेबांची प्रस्तावना. उन्हाळ्यात छापून जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या विद्वानांना धाडायची. गंगाक्का बायकांत बसली होती. तिला हळदीकुंकू लावलं, तेव्हा ती लाजून हसली.

मग फेब्रुवारीतला तो तास आला. माझा खडू संपला म्हणून मी शेजारी मागायला गेलो, आणि दारातच थांबलो. मास्तर पोरांना ज्योतीचा प्रयोग दाखवत होते. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला क्षार लावून ज्योतीत धरला की प्रत्येकाचा रंग वेगळा. सोड्याचा पिवळा. पोटॅशचा जांभळा, पण तो पिवळ्याखाली लपतो, म्हणून निळ्या काचेतून बघायचं. तार जरा वाकली होती. मास्तरांनी ती सवयीनं उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं सरळ केली आणि ज्योतीत धरली.

"आता यावर काही लावलेलं नाही. तेव्हा निळ्या काचेतून काय दिसेल?"

"काही नाही, सर!" पोरं ओरडली.

मास्तरांनी निळी काच डोळ्यापुढं धरली, आणि तसेच उभे राहिले. तार ज्योतीत, काच डोळ्यापुढं. पोरं आधी गप्प होती, मग कुजबुजायला लागली, मग कुणी हसलं. मास्तर हलेनात. शेवटी त्यांनी काच खाली ठेवली, आपलं बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. काळं बोट. सकाळची मशेरी. मशेरी म्हणजे जाळलेला तंबाखू, आणि तंबाखूच्या राखेत पोटॅश भरलेलं असतं, हे निपाणीकडच्या माणसाला कुणी सांगायला नको. ते नळाशी गेले आणि बोट धुवायला लागले. घंटा झाली तरी धुतच होते.

पोरं गेल्यावर त्यांनी कपाटातून ती डबी काढली. वर चिठ्ठी होती, 'शहापूर काच, पीठ'. आत खाली एक चिमूट उरली होती. ती त्यांनी झटकून टाकली, आणि टाचणीचं टोक डबीच्या आतल्या सांध्यातून फिरवून कागदावर आपटलं. काळी रेघ पडली.

"घासली व्हती मी डबी," ते म्हणाले. "सांध्यात राहिलं. त्यात माझं बोट. दोनदा केलं म्हणून सांगत सुटलो, दोन्ही वेळा ह्याच डबीतनं." मग म्हणाले, "खरं सांगू, चित्रकार? मलाबी तेच पायजे हुतं. काच हितलीच निघावी आसं. तितंच चुकलं."

त्या दिवसापासून मशेरी बंद. बायकोच्या हातची डबी यायची ती सिद्राप्पाला मिळू लागली.

ते रावसाहेबांकडे गेले, मीही बरोबर गेलो. रावसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे काच परकी आहे असं तुम्ही सिद्ध केलंत?"

"न्हाय. इथली हाय हे सिद्ध झालं न्हाय, एवढंच."

"मास्तर, चार माणसांत बोललेला शब्द असा परत घेता येत नाही. तुमचं नाव जाईल ते जाईल, शाळेचं जाईल, आणि या दिवसांत लोकांच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल. पुरावा आणा, मी छापतो. नाहीतर आहे तेच छापखान्यात जाईल." आणि आम्हाला चहा विचारला.

पुरावा म्हणजे पुन्हा पृथक्करण. आणि त्यासाठी तुकडा. रावसाहेबांच्या कपाटातला मिळणार नव्हता. उरला देव्हाऱ्यातला. मास्तर शहापुरात गेले तेव्हाही मी होतो. गंगाक्का रहाटावर कांड्या भरत होती, खोलीत सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास होता. मास्तर उंबऱ्यातच बसले.

"आक्का, माझ्याकडनं खोटं झालंय."

तिनं ऐकून घेतलं. "मास्तर, सगळ्या गल्लीत मिरवली मी. आता ह्योबी तुकडा कुटणार, आनि म्हननार आमचं न्हवं?"

"कुणाचं ते आजून ठावं न्हाय. कळलं की पयला तुमाला येऊन सांगतो. रावसायबांच्या आधी."

"शपत?"

"शपत."

गंगाक्का उठली, देव्हाऱ्यातला तुकडा आणला, कुंकू पुसलं, पदरात धरून ठेवला, आणि मग त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाली, "खोटं सांगून बसन्यापरीस बरं."

आता उरली होती ती बाटली. लढाईमुळे नवीन ॲसिड यायचं बंद झालेलं. होतं ते तळाशी, बाटली कित्येक वर्षांची जुनी. मार्च सरला आणि बेळगावलाही न शोभणारा उन्हाळा पडला. मेण मऊ व्हायला लागलं. एका बाजूनं बाटलीचं पोट सुटल्यासारखं दिसे. सिद्राप्पा एकदा कपाट पुसायला गेला नि मागं आला. "त्या बाटलीला घाम येतोय री, मास्तर. मी न्हाई हात लावत."

मी त्यांना म्हणालो, थंडी पडेपर्यंत थांबा. ते म्हणाले, पुस्तिका जूनमध्ये जाईल, माझ्या सहीनं. मी म्हणालो, जाऊ दे. मी खरंच म्हणालो तसं. त्यांनी मान तिरकी करून चष्म्याच्या त्या उरल्यासुरल्या भोकातून माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अंगठ्याएवढ्या काचेसाठी हा माणूस काय काय पणाला लावतोय, आणि आम्हाला सगळ्यांना खुजं करून ठेवतोय, असं वाटलं होतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. छापखान्यासाठी काढलेलं शाईचं चित्र त्यांना दाखवावं म्हणून मी दुपारी गेलो. व्हरांड्यात सिद्राप्पा स्टुलावर बसला होता. "आत हाईत. सकाळधरनं. मला येऊ नगो म्हटल्यात." दार ढकललं तर नाकाडोळ्यांत काहीतरी झोंबलं. मास्तर टेबलाशी बसले होते. उजवा हात मांडीवर, ओल्या पंच्यात गुंडाळलेला. चष्म्याच्या दोन्ही काचा आता पूर्ण पांढऱ्या. कपाटाचं दार उघडं, मेणाची बाटली आडवी होऊन चपटलेली, आणि डब्यातली वाळू ओली. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

"कोण? चित्रकार? बरं झालं आलासा. जरा तुमचं डोळं द्या मला."

समोर नळी उभी होती, आत स्वच्छ पाणी. त्यांच्या सांगण्यावरून मी नारिंगी औषधाचे दहा थेंब टाकले. "आता बोलू नगासा. बघत ऱ्हावा."

बाहेर चिंचेवर एक कावळा ओरडत होता. मास्तरांचा श्वास मला ऐकू येत होता, त्यात बारीक घरघर होती. किती वेळ गेला सांगता येत नाही.

"गाळ बसतोय?"

"जरासा."

"किती?"

"नखावर मावेल एवढा."

"नीट बघा. माझ्यासाठी बघू नगासा, काचंसाठी बघा."

मी नळी उजेडाला धरून पुन्हा बघितली. "नखावर मावेल एवढाच, मास्तर. जास्त नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "तेवढा त्यांच्या काचंत असतोयच. दर्यापल्याडची हाय ती." मग म्हणाले, "लिहा." मी चित्राच्याच पाठीमागं लिहून घेतलं. माझ्या हातून चूक झाली. नमुना मशेरीच्या डबीत ठेवल्यानं त्यात पोटॅश मिसळलं. नव्या तुकड्यात पोटॅश नगण्य आढळलं. वाडगं परदेशी बनावटीचं असावं. सहीसाठी मी टाक पुढं केला, तर त्यांनी डावा हात पुढं केला.

"उजव्याला काय झालं?"

त्यांनी पंचा उलगडला. दिवसभर पाण्यात राहिल्यावर व्हावीत तशी बोटं पांढरी पडली होती, कोपरापर्यंत तसेच डाग. ते पहिलं बोट, मशेरीचं, टोकाला करडं झालं होतं. सकाळी मऊ पडलेली बाटली हातातच खचली होती आणि ॲसिड हातावर सांडलं होतं. काचेचा चुरा तेव्हा शिशाच्या वाटीत ॲसिडमध्ये पडून वाळूच्या शेगडीवर चढला होता. तो सोडून दवाखान्यात गेले असते तर शेवटचा तुकडा वाया जात होता. त्यांनी हात धुतला, पंचा गुंडाळला, आणि डाव्या हातानं पुढचं काम केलं. पाच तास.

मी ओरडलो. सिद्राप्पा धावत आला, त्यानं कमरेची चंची सोडून चुन्याची डबी मास्तरांच्याच सांगण्यावरून त्या हातावर रिकामी केली. चुना त्या विषाला धरून ठेवतो म्हणाले. पण तो सकाळी लावायला हवा होता, हे ते म्हणाले नाहीत. सिद्राप्पानं टांगा आणला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते लांबवता येत नाही. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरानं वेदना सुरू झाल्या आणि मग थांबल्या नाहीत. डॉक्टर असं काही प्रथमच बघत होते. धूर छातीतही उतरला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गेले. बोरगावहून वहिनी आल्या होत्या. त्यांच्या हातात चष्मा दिला तेव्हा त्या पदरानं तो पुसत राहिल्या. पुसायच्या, उजेडाला धरायच्या, पुन्हा पुसायच्या.

तो कागद मी रावसाहेबांना नेऊन दिला. त्यांनी वाचला, डोळे पुसले, खरंच पुसले, आणि टेबलाच्या खणात ठेवला. जूनमध्ये पुस्तिका निघाली, आधीच्याच अहवालासह, पहिल्या पानावर कैलासवासी बोरगावकर मास्तरांना अर्पण. माझं चित्र आत सुबक छापलं होतं. माझी नोकरी रावसाहेबांच्या मंडळाच्या हातात होती, आणि मी गप्प बसलो. स्वातंत्र्य आलं, रावसाहेब गेले, मी निवृत्त झालो, तरी गप्पच. आज लिहितोय ते धीटपणानं नव्हे. आता माझं काही जायचं राहिलेलं नाही म्हणून लिहितोय.

पण मास्तर आठवतात ते दवाखान्यातले नाहीत. टांग्यातले आठवतात. टांगा शहापूरच्या वळणाशी आला तेव्हा त्यांनी टांगेवाल्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला. "थांबव रं. आत घे."

मी म्हणालो, आधी दवाखाना. ते म्हणाले, "शपत घातलीया. पाच मिंटं." आणि मी ती पाच मिनिटं दिली. डॉक्टरांनी मागाहून मला सांगितलं की तेवढ्यानं काही फरक पडला नसता. माझ्या समाधानासाठी सांगितलं की खरंच तसं होतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गल्लीत मागांचे खटके चालू होते. टांगा दारात थांबला तशी गंगाक्का बाहेर आली, हातात सुताची कांडी. मास्तर खाली उतरले नाहीत. पांढऱ्या चष्म्यानं तिच्या आवाजाच्या दिशेला बघत म्हणाले, "आक्का, ते आपल्या मातीतलं न्हाय. लई लांबनं आलंय. दर्यापल्याडनं."

गंगाक्कानं कांडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "आलंय तर आलंय की. किती वर्सं माज्याच घराखाली झोपलं हुतं. आता ते कुटं जातंय?"

मास्तर हसले. मोठ्यानं, पोरासारखे हसले. त्यांनी नमस्कारासाठी दोन्ही हात उचलले, तसा पंचा सरकला आणि चुन्याखालची ती बोटं तिला दिसली.

"आगं बया, हाताला काय झालं, मास्तर? दुखतंय?"

"न्हाय, आक्का. कायसुदिक दुखत न्हाय."

"मग बरं हाय," गंगाक्का म्हणाली आणि कांडी घेऊन आत गेली.